ज्या आंब्याला बाजार नव्हता

रत्नागिरीहून परतल्यावर आमच्या महाविद्यालयात सगळ्यांनी मला एकच विचारलं, "समुद्र पाहिला का?" पाहिला. थोडा वेळच पाहिला, आणि तेव्हाही माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी तिथे जे पाहिलं ते समुद्राइतकं सुंदर नाही, पण आमच्या मेहकरकडच्या माणसाला ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

मी कर कायदा शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढच्या शिक्षणाला पुण्यात गेले तेव्हा वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं. मोहरीर सर तास संपल्यावर मला बसवून घ्यायचे आणि तोच धडा मराठीत पुन्हा शिकवायचे. स्वतःची पुस्तकं द्यायचे, समासात त्यांच्या अक्षरातल्या टिपा असलेली. आता मी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करते आहे. सर वर्तमानपत्रात करांविषयी लिहितात, अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर दिसतात. त्यांचा टीव्हीवरचा फोटो वडिलांनी दुकानात पंक्चरच्या टबाच्या वर, भिंतीला चिकटवला आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हा कोण नेता?" वडील म्हणतात, "नेता नाही. माझ्या पोरीचा गुरू."

रत्नागिरीजवळच्या एका गावातल्या आंबा बागायतदारांनी सरांना व्याख्यानाला बोलावलं. सर म्हणाले, "वर्षा, तूही चल. परिचय तूच करून दे." मला आभाळ ठेंगणं झालं.

साखरपा

पुण्याहून सरांच्या गाडीने निघालो. आंबा घाट उतरल्यावर साखरप्याला चहासाठी थांबलो. घाटमाथ्यावर कोरडं ऊन होतं, खाली आल्याबरोबर अंगाला घाम चिकटला आणि पुढचे दिवस तो निघाला नाही. आमच्याकडे ऊन भाजतं, इथे ते शिजवतं.

चहा येतो तोच सरांना एका वृत्तवाहिनीचा फोन आला. माशा हाकलत सरांनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"सर, संध्याकाळी चर्चा आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर लावावा का?" पलीकडची मुलगी घाईत होती.

"कोण कोण आहे?"

"लावा म्हणणारे मिळालेत, सर. लावू नका म्हणणारे एक येणार होते, त्यांच्या घरात साखरपुडा निघालाय."

"म्हणजे 'नको'वाली खुर्ची मोकळी आहे."

"हो ना, सर."

"बरं. मी नको म्हणतो."

मी बशी खाली ठेवली. मोठ्या बागायतदारांच्या आणि शेतकऱ्याचं नाव पुढे करणाऱ्या कारखानदारांच्या उत्पन्नावर कर हवाच, असा सरांचा लेख मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. वाचताना माझा आवाज चढतो, असं मुलं म्हणतात.

"सर, पण तुमचं मत तर..."

"अगं, कायद्याला दोन्ही बाजू असतात. ज्या बाजूला माणूस नाही तिकडे उभं राहणं हीसुद्धा सेवाच."

"आणि तुमचं स्वतःचं मत?"

"ते ऐकायला कोण टीव्ही लावतंय?" सर हसले आणि त्यांनी माझ्यासाठी आणखी एक वडा सांगितला. ते नेहमीच माझ्या पोटाची काळजी करतात.

चिऱ्याचं घर

सरांची सोय आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याचे मालक शिरधनकर यांच्या अतिथिगृहात होती. तिथे जागा कमी म्हणून मला बागायतदार संघाचे अध्यक्ष हमीदभाई यांच्या घरी पाठवलं. माझं नशीब चांगलं म्हणायचं.

हमीदभाई तरुणपणी मालवाहू जहाजांवर इंजिनात काम करायचे. आता आंब्याची कलमं सांभाळतात. दोन्ही मुलगे आखातात. घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं, लालबुंद, आणि भोवती एवढी झाडं की शेजारचं घर दिसत नाही. आमच्याकडे घरं भिंतीला भिंत लावून असतात. शेजारच्या भाजीची फोडणी आपल्या घरात शिंकायला लावते. इथल्या शांततेने मला पहिल्यांदा थोडी भीतीच वाटली.

"ये गो बाय," सलमाभाभी दारातूनच म्हणाल्या. "मॅडम म्हंजे मी म्हटला, कोणी म्हातारी, चष्मेवाली येतेय. ही तर पोरगी हाय!"

जेवायला तांदळाची भाकरी आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण होतं. ज्वारीची सवय असलेल्या हाताला ती भाकरी इतकी मऊ लागली की पहिला तुकडा मी जोर लावून तोडला आणि तो कालवणात बुडाला. भाभी हसायला लागल्या. "अगो, ती मेलेली नाय, मारू नको तिला."

सरांना कशासाठी बोलावलं होतं, ते जेवणानंतर हमीदभाईंनी मला सांगितलं. शिरधनकरांनी गावापुढे एक करार ठेवला होता. डागाळलेला, लहान आंबा एरवी बागायतदार कारखान्याला विकतो. आता विकायचा नाही. आंबा बागायतदाराचाच, कारखाना फक्त रस काढून देणार, रसही बागायतदाराच्या नावावरच विकला जाणार. म्हणजे रसाचं उत्पन्न शेतीचं आणि त्यावर कर नाही. हे सगळं कागदोपत्री; नफा कारखान्याकडेच राहणार, आणि वाचलेल्या करातून तो बागायतदाराला भाव थोडा वाढवून देणार.

"आणि खात्याने ते शेतीचं मानलं नाही तर?" मी विचारलं.

"तर नोटीस येणार माझ्या नावानं. शेटच्या नाय." हमीदभाईंनी पानाचा देठ तोडला. "रसाचा सगळा आकडा माझ्या डोक्यावर बसणार. तो फेडायचा तर बाग जाईल. म्हणून तर सरांना बोलावलाय. सर हो म्हणाले तर सही, नाय म्हणाले तर नाय. आनि मी केली की सगला गाव करणार, ता पन मला ठाऊक हाय."

"सर खरं ते सांगतील," मी म्हणाले. अगदी छातीवर हात ठेवून म्हणाले.

आतल्या खोलीत टीव्ही लागला होता. सर अतिथिगृहातूनच, 'नको'च्या खुर्चीत बसून फार छान बोलत होते. भाभी म्हणाल्या, "किती पोटतिडकीनं बोलतायत बिचारे."

रस्त्यावरचा काटा

सकाळी हमीदभाईंनी बाग दाखवली. मी कौतुकाने खाली पडलेला एक आंबा उचलला, फडक्याने पुसला आणि देठाकडून थेट दातांनी सोलायला घेतला. आमच्याकडे गावठी आंबा असाच चोखतात.

"अवो, अवो!" हमीदभाई ओरडले. तोवर देठाचा चीक ओठाच्या कोपऱ्याला लागून आग सुरू झाली होती. भाभींनी खोबरेल लावलं आणि बजावलं, "दोन दिवस कोणाशी भांडू नको. तोंड आणखी सुजेल."

मग टेंपोत क्रेट भरून आम्ही महामार्गाकडे निघालो. हे क्रेट कारखान्याच्या आंब्याचे होते, ज्याला इथे सगळे कॅनिंगचा आंबा म्हणतात. मला वाटलं आपण कारखान्यात चाललो आहोत. पण हमीदभाईंनी टेंपो रस्त्याच्या कडेलाच थांबवला. तिथे ताडपत्रीखाली एका व्यापाऱ्याचा मोठा वजनकाटा, त्याच्यामागे दुसऱ्याचा काटा, त्याच्यापुढे तिसऱ्याचा. प्रत्येकाच्या पुढ्यात पाटीवर खडूने भाव लिहिलेला. कुणी दुचाकीवर पोतं घेऊन आलेलं, कुणी जीप भरून. एका बाईने पहिल्या पाटीवरचा भाव वाचला, नाक मुरडलं आणि पोतं उचलून पुढच्या काट्याकडे गेली. पहिला व्यापारी मागून ओरडला, "मावशी, या, या, वाढवतो!"

"हे सगळे कुणाचे?" मी विचारलं.

"वेगवेगळ्या कारखान्यांचे. काही कोल्हापूरकडचे पन हायत. ज्याचा भाव बरा, त्याला द्यायचा. रोज असाच चालतो, पाऊस येईपर्यंत."

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. माझ्या विषयातल्या एका नियमाचं चित्रच समोर उभं होतं. शेतकरी माल विकण्याजोगा करण्यासाठी जे नेहमीचं करतो, म्हणजे भात झोडपतो, आंबा आढीत पिकवतो, ते शेतीतच मोडतं. कच्च्या मालाला बाजारच नसेल तर त्यापुढची प्रक्रियाही शेतीत धरता येते. पण कच्च्या मालाला बाजार असेल तर पुढची प्रक्रिया हा धंदा, शेती नव्हे. आणि इथे बाजार होता, भाव होता, घासाघीससुद्धा होती. वर्षानुवर्षं मी हे फळ्यावर लिहून शिकवलं, आणि कॅनिंगचा आंबा मी आयुष्यात आज पहिल्यांदा पाहत होते.

दुपारी सरांना हे कधी सांगते असं झालं होतं.

शिरधनकरांकडे

दुपारचं जेवण शिरधनकरांकडे होतं. अतिथिगृह समुद्रावर आहे. मी म्हटलं तो समुद्र हाच. सुरमईचे तुकडे ताटभर होते, सोलकढी होती. शिरधनकर मोठ्या मनाचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. स्वतः वाढत होते.

"मॅडम, लाजू नका हां. तुमच्या सरांचे आमच्यावर फार उपकार आहेत."

"ते कसे?" मी विचारलं.

"अहो, ही योजना सरांनीच तर बसवून दिली! दोन वर्षांपूर्वी लेखी अभिप्राय दिला. त्याच्याशिवाय आमची हिंमत झाली असती काय?"

मी सरांकडे पाहिलं. ते काटे काढत होते. अगदी सहजपणे.

शिरधनकर उत्साहात होते. "काय ते वाक्य सर? डागी, लहान फळाला फळ म्हणून बाजार नाही. त्याचा रस काढणं हीच ते विकण्याजोगं करण्याची रीत. सबब उत्पन्न शेतीचं. आम्हाला पाठ आहे!"

"सर," मी म्हणाले, "पण त्या आंब्याला बाजार आहे. मी आज सकाळी पाहिला. रस्त्यावर काटे लागलेत, पाटीवर भाव आहेत."

"असतील," सर म्हणाले. "अभिप्राय नेहमी सांगितलेल्या वस्तुस्थितीवर असतो. पहिल्याच परिच्छेदात तसं लिहिलेलं असतं."

"पण इथे येऊन एकदा पाहिलं असतं तर..."

"वर्षा, चहामळ्यांवर मी तीस पानं लिहिली आहेत. आसामला गेलेलो नाही. वस्तुस्थिती तपासणं हे आपलं काम नव्हे."

शिरधनकर मध्येच म्हणाले, "आणि मॅडम, रस्त्यावर जातो तो काय बाजार म्हणायचा? किरकोळ चालतं ते." त्यांचा स्वर दुखावलेला नव्हता. कुणाचाच नव्हता. ताटावर बसलेल्यांपैकी धक्का बसलेली मी एकटीच होते.

जेवणानंतर गॅलरीत मी सरांना विचारलं, "संध्याकाळी सभेत सांगणार ना तुम्ही, की हा अभिप्राय तुमचाच आहे?"

"कशाला? लोक उगीच गोंधळतात."

"सर, तुमचा तो लेख. शेतकऱ्याचं नाव पुढे करणाऱ्या कारखानदारांवरचा..."

"तो लेख होता. लेख लोकांसाठी असतो, अभिप्राय पक्षकारासाठी." सरांनी माझ्याकडे मायेने पाहिलं, ते मला अजून आठवतं. "तू ज्यांची पुस्तकं शिकवतेस ना, त्यातल्या कितीतरी जणांचं असंच चालतं. यात लपवाछपवी काही नाही. सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना, म्हणजे मेहकर सोडून. समोर समुद्र होता. त्याच्यावर ऊन चमकत होतं एवढंच आठवतं.

सभा

सभा गावच्या शाळेत होती. बाक भरून माणसं उभी होती. पुढच्या रांगेत हमीदभाई, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. व्यासपीठाच्या टेबलावर कराराचे कागद आणि पेन तयार होते. शिरधनकरांनी त्यावर पेपरवेट म्हणून दोन आंबे ठेवले होते.

आपल्याकडे पाहुण्यांचा परिचय म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पदव्या, पुस्तकं, पुरस्कार, आणि शेवटी 'असे हे थोर व्यक्तिमत्त्व'. सरांचा छापील परिचय माझ्या हातात होता. तो मी याआधी किती सभांत वाचला असेल. मनात येत होतं, ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं त्याच्यासमोरच आज बोलायचं. प्रबंधावर ज्याची सही लागणार तो माणूस. आणि समोर हमीदभाई, ज्यांना मी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

मी पदव्या वाचल्या, पुस्तकं वाचली. मग कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "आज ज्या करारावर आपण बोलणार आहोत, त्याबद्दल सरांनी कारखान्याला लेखी अभिप्राय दिलेला आहे. कॅनिंगच्या आंब्याला फळ म्हणून बाजार नाही, असं धरून तो दिलेला आहे."

मागून एक आवाज आला, "बाजार नाय? मंग काल माझी पोती काय भूत घेऊन गेला?"

शाळा हसली. दुसरा म्हणाला, "भूत नाय रे, कोल्हापूरवाला! भाव पन बरा दिलान!"

सर उठले. ते रागावतील, गोंधळतील, असं मला वाटलं होतं. ते स्वतःही हसले. मग त्यांनी तासभर व्याख्यान दिलं, आणि काय व्याख्यान होतं ते! इंग्रजांनी कर कसा आणला, शेती त्यातून कशी सुटली, चहा, रबर, ऊस. लोक टाळ्या वाजवत होते. मी स्वतः सगळं विसरून ऐकत होते. फक्त कराराचं नाव कुठे आलं नाही.

शेवटी हमीदभाई उभे राहिले. "सर, बोललात ता सगला गोड. आता एकच सांगा. सही करू का नको?"

"ते ज्याच्या त्याच्या वस्तुस्थितीवर अवलंबून आहे," सर म्हणाले.

"माझी वस्तुस्थिती तुमच्यासमोर उभी हाय, सर."

सर मंद हसले आणि पाण्याचा पेला उचलला. हमीदभाई वाट पाहत राहिले. त्यांच्या मागे सगळी शाळा वाट पाहत होती. मग त्यांनी मान वळवली. "बाय, तू सांग."

मी आजवर कुणाला अभिप्राय दिलेला नाही. मला कुणी विचारलेलाच नाही. सुजलेल्या ओठाने मी म्हणाले, "नका करू. त्या आंब्याला बाजार आहे, म्हणून रस हा धंदा ठरेल. नोटीस तुम्हाला येईल."

शिरधनकर ताडकन उठले. "मॅडम, हे सांगणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी सरांची विद्यार्थिनी," मी म्हणाले.

हमीदभाई खाली बसले. त्यांनी सही केली नाही. पण त्यांचा अंदाज चुकला. गाव त्यांच्यामागे गेला नाही. सरांनी नको म्हटलं नव्हतं, आणि त्या पोरीचं काय ऐकायचं? टेबलाभोवती गर्दी झाली. काल ज्याची पोती भुताने नेली होती तोही सही करून गेला. मला वाटलं होतं खरं सांगितलं की माणसं ऐकतात.

परतीच्या गाडीत मी रडायच्या बेतात होते. मार्गदर्शक बदलून घे, असं सर म्हणतील याची वाट पाहत होते. घाट चढल्यावर ते म्हणाले, "उत्तर बरोबर होतं तुझं. मुद्देसूद होतं. ओठाला काय झालं?" आणि पुढच्या गावात गाडी थांबवून त्यांनी माझ्यासाठी मलम घेतलं.

परतल्यावर

काही दिवसांनी रविवारच्या पुरवणीत सरांचा लेख आला. विषय, कोकणातला आंबा आणि कर. रस्त्याच्या कडेला लागलेले काटे, खडूने लिहिलेले भाव, नाक मुरडून पुढच्या काट्याकडे जाणारी बाई, जिच्याबद्दल मी त्यांना गाडीत सांगितलं होतं, सगळं त्यात होतं. 'हे मी स्वतः पाहिले,' असं लिहिलं होतं. आणि खाली, अशा करारांवर सही करणारा बागायतदार स्वतःच्या हाताने नोटीस ओढवून घेतो, असा इशारा. फार सुंदर लेख होता. कारखान्याला दिलेल्या अभिप्रायाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

दुपारी हमीदभाईंचा फोन आला. "बाय, वाचलास काय? गावात सगल्यांनी वाचला. आता शेटच्या दारात रांग लागलीय, कागद परत द्या म्हणून. शेट पन देतोय, काय करणार, छापून आलाय ना!" मागून भाभींचा आवाज आला, ओठ बरा झाला का विचार म्हणून. मग हमीदभाईंनी आवाज खाली आणला. "पन मला एक सांग. सर त्या रस्त्यावर कंदी आले होते?"

"आले नव्हते."

"मंग ता त्या दिवशी का नाय बोलले?"

करार सुटले याचा आनंद मात्र खरा होता. मी त्यांना तसं सांगितलं.

मग मी सरांना फोन लावला. "वाचलंस?" त्यांनी उत्साहाने विचारलं.

"वाचला, सर. तुमच्यामुळे लोकांनी सह्या मागे घेतल्या." हे मी मनापासून म्हणाले. मग विचारलं, "सर, तो अभिप्राय तुम्ही मागे घेतलात का?"

"तो कशाला?" सर म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, ते आवाजात ऐकू येत होतं. "अगं, तो वेगळा कागद आहे."

आणि मग त्यांनी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण कुठवर आलं आहे, ते विचारलं.